पाण्यातले देव

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातली चिचेन इत्झाची एक दिवसाची सहल साधारण ठरलेल्या क्रमाने पार पडते. कांकूनहून सुमारे 200 किंवा मेरिदाहून सुमारे 120 किलोमीटरचा बसप्रवास, गाइडबरोबर अवशेषांमध्ये दोनेक तास, मग इक किल नावाच्या खोल नैसर्गिक कुंडात पोहणे, जेवण, आणि शेवटी वायादोलिद गावातला चौक व चर्च. या क्रमात पिरॅमिड मुख्य, कुंड ही उन्हातून सुटका आणि चर्च जाता जाता बघायचे. ज्या लोकांनी ही ठिकाणे पवित्र मानली त्यांच्या लेखी मात्र महत्त्वाचा क्रम जवळपास उलटा होता. आधी पाणी, मग त्यासाठी देऊळ. स्थळाचे पावित्र्य कशात असते, दगडात, आठवणीत, की त्या स्थळाशी माणसाने राखलेल्या देण्याघेण्यात, हा धर्माच्या अभ्यासातला जुना प्रश्न. या सहलीत तो फार उघडपणे समोर येतो, कारण एकच पाणी एका दिवसात तीन-चार वेगवेगळ्या अवस्थांमध्ये भेटते.

युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. जमीन चुनखडीची. पडलेला पाऊस तिच्यात मुरतो, खडक विरघळवत खाली जातो आणि भुयारांमधून वाहत राहतो. एखाद्या भुयाराचे छत कोसळले की जमिनीला गोल तोंड पडते आणि खोल तळाशी पाणी दिसते. हेच सेनोते. द्वीपकल्पाच्या वायव्येला अशा कुंडांची एक मोठी कमान आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीच्या विवराची ती कड, हे भूगर्भशास्त्राने अलीकडे दाखवून दिले. माया शेतकऱ्याला अशनीची कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढे पक्के ठाऊक होते की पाऊस लांबला तर मका जातो, आणि मका गेला तर माणूस जातो. पावसाचा देव चाआक गुहांमध्ये आणि सेनोतेंमध्ये राहतो, चार दिशांना त्याची चार रूपे आहेत, पूर्वेचा तांबडा, उत्तरेचा पांढरा, पश्चिमेचा काळा आणि दक्षिणेचा पिवळा, ही श्रद्धा त्या भूमीतूनच उगवलेली आहे. जमिनीचे तोंड म्हणजे देवाच्या घराचे दार, ही कल्पना त्या प्रदेशात काव्य म्हणून सुचलेली नाही. पाणी खरोखरच त्या दारातून मिळते.

नवव्या ते अकराव्या शतकात भरभराटीला आलेले चिचेन इत्झा हे नगर अशाच कुंडांच्या आधाराने वसले. पाहुण्यांना प्रथम दिसतो तो कुकुलकानचा पिरॅमिड. माथ्यावरच्या देवळासकट त्याची उंची सुमारे 30 मीटर. नऊ टप्पे, चारी बाजूंनी जिने. प्रत्येक जिन्याला 91 पायऱ्या, म्हणजे 364, आणि माथ्याचा चौथरा धरून 365, हा हिशेब प्रत्येक गाइड सांगतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यानेही एका बाजूच्या 91 पायऱ्यांची नोंद करून ठेवली आहे. विषुवदिनांच्या सुमारास दुपार कलताना टप्प्यांच्या कडांची सावली उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर पडते, उजेडाचे त्रिकोण तयार होतात आणि खालच्या दगडी सर्पमुखाला जोडून एक सळसळता साप उतरल्यासारखा दिसतो. हा देखावा बांधणाऱ्यांच्या मनात नेमका होता का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तो एकाच दिवशी दिसत नाही, विषुवदिनाच्या आगेमागे बरेच दिवस दिसतो, आणि आजचा कठडा विसाव्या शतकात डागडुजी झालेला आहे. तरी त्या दिवशी हजारो माणसे जमतात. कित्येक जण पांढरे कपडे घालून, हात पसरून सूर्याची शक्ती घ्यायला उभे राहतात. ही भक्ती नवी आहे. तिला मायांचा ग्रंथ किंवा गावची परंपरा पाठीशी नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण तिचे नाते माया धर्माशी जोडणे बरोबर नाही.

पिरॅमिडभोवती आता दोर आहे. 2006 साली एका पर्यटकाचा पडून मृत्यू झाला आणि चढणे बंद झाले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने 1912 साली धर्माची व्याख्या करताना म्हटले होते की समाज ज्या वस्तू बाजूला काढतो आणि ज्यांना हात लावायला मनाई करतो, त्या पवित्र. या कसोटीवर दोरामागचा पिरॅमिड आज पूर्वी कधी नव्हता इतका पवित्र म्हणावा लागेल. त्याला स्पर्श करता येत नाही, त्याच्यावर पाय ठेवता येत नाही आणि एखाद्याने दोर ओलांडून चढायला सुरुवात केलीच तर खालचा जमाव संतापून ओरडतो. तो संताप खरा असतो. जागतिक वारसा ही आधुनिक माणसाची एक श्रद्धाच आहे. 1988 साली युनेस्कोच्या यादीत आल्यापासून चिचेन इत्झा तिचे मोठे क्षेत्र झाले आहे. तरी दुर्खीमच्या व्याख्येत एक उणीव राहते आणि ती इथेच दिसते. दोर काय करू नये ते सांगतो. माणसाने काय द्यावे हे तो सांगत नाही. माया धर्माचा सगळा भर नेमका देण्यावर होता.

हा भर समजून घ्यायला पोपोल वूह हा ग्रंथ उपयोगी पडतो. तो युकातानचा नाही, ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे मायांचा आहे, आणि त्याची आज उपलब्ध असलेली प्रत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को शिमेनेस या धर्मगुरूने उतरवून घेतली. तरी त्यातली सृष्टिकथा सगळ्या माया प्रदेशाची वृत्ती सांगते. देवांना आपले नाव घेणारे, आपल्याला आठवणीत ठेवणारे कोणी हवे होते. प्राणी केले, त्यांना बोलता येईना. मातीची माणसे केली, ती पाण्यात विरघळली. लाकडाची केली, ती चालली-बोलली, वाढली, पण त्यांना हृदय नव्हते आणि निर्मात्यांची आठवण नव्हती. त्यांचा नाश झाला, आणि त्या नाशात त्यांचीच मडकी, त्यांचेच पाटे-वरवंटे त्यांच्यावर उठले. शेवटी मक्याच्या पिठाची माणसे घडली. त्यांनी डोळे उघडताच आभार मानले. माणूस कशासाठी आहे याचे इतके स्पष्ट उत्तर फार थोड्या धर्मांनी दिले आहे: तो ज्यातून झाला त्याची आठवण ठेवण्यासाठी आणि ते देणे फेडत राहण्यासाठी. देव इथे स्वयंपूर्ण नाहीत. त्यांनाही माणसाची गरज आहे. जग दोघांच्या देवाणघेवाणीवर उभे आहे आणि एका बाजूने हात आखडला तर ते खचते.

देणे अनेक प्रकारांनी फेडले जाई. धूप, मका, मध, जेड, पक्ष्यांची पिसे. राजघराण्यांना स्वतःचे रक्त द्यावे लागे. याश्चिलान नगरातली एक कोरीव शिळा आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या प्रसंगाची तारीख इ.स. 709 मधली. राजा पेटता पलिता धरून उभा आहे, समोर राणी गुडघ्यांवर बसली आहे आणि जिभेतून काटे लावलेली दोरी ओढते आहे. दोरी खाली टोपलीत पडते, टोपलीत रक्ताचे डाग असलेले कागद आहेत. पुढे ते जाळून त्यांचा धूर देवांकडे जायचा. सत्ता म्हणजे आधी आपण देण्याची जबाबदारी, हा तिथला दंडक या शिळेत दिसतो. पण सगळ्यांनी सगळे स्वतःच्याच देहातून दिले नाही, आणि इथून पुढचा भाग कठीण आहे.

सहलीतला गाइड पिरॅमिडपासून चेंडूच्या मोठ्या मैदानाकडे नेतो. 168 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असलेले हे मैदान मध्य अमेरिकेतल्या अशा सगळ्या मैदानांत मोठे आहे. भिंतीच्या पायथ्याशी कोरलेल्या पट्टीत दोन संघ समोरासमोर उभे आहेत. एका खेळाडूचे मस्तक उडवलेले आहे आणि मानेतून उसळणाऱ्या रक्ताच्या धारांचे साप झाले आहेत, त्यांतूनच फुलांनी डवरलेला वेल फुटला आहे. मस्तक जिंकणाऱ्याचे उडवत की हरणाऱ्याचे, यावर पर्यटकांमध्ये रंगून चर्चा होते. जिंकणाऱ्याचे, हे उत्तर पुष्कळदा ऐकायला मिळते, पण त्याला आधार नाही. शिल्पकाराने त्या प्रश्नाकडे लक्षच दिलेले नाही. त्याने छिन्नी चालवली ती वेलीवर. रक्तातून झाड उगवते, म्हणजे मृत्यूतून पीक येते, हे त्याचे म्हणणे. शेजारीच कवट्यांच्या रांगा कोरलेला चौथरा आहे आणि त्यावर वेल नाही.

पिरॅमिडच्या उत्तरेकडून सुमारे 300 मीटर लांबीचा एक जुना फरसबंद रस्ता निघतो आणि झाडीतून पवित्र सेनोतेपाशी संपतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आज स्थानिक माया कारागिरांच्या टपऱ्या आहेत, लाकडी मुखवटे, कापडे, जग्वारसारखा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या. रस्त्याच्या टोकाला सुमारे 60 मीटर व्यासाचे उभ्या कड्यांचे कुंड. बहुतेक प्रवासी काठावर पाच मिनिटे थांबतात, हिरवट पाण्याचे छायाचित्र काढतात आणि परततात. पाणी शांत, बघण्यासारखे काही नाही. पण ज्यासाठी लोक शेकडो मैल चालून येत ते ठिकाण हेच होते. पिण्याचे पाणी दुसऱ्या कुंडातून भरत. हे फक्त देण्यासाठी राखलेले होते. नगर ओस पडल्यानंतरही कित्येक शतके लोक येत राहिले. 1536 साली दुष्काळ पडला असता मानीच्या शिउ घराण्यातले लोक या कुंडाशी अर्पण करायला निघाले आणि वाटेत शत्रू असलेल्या कोकोम घराण्याने त्यांची कत्तल केली. देवळे रिकामी होती, राजा नव्हता, नगर जंगलात गेले होते, तरी यात्रा चालू होती. स्थळाचे पावित्र्य वास्तूवर अवलंबून नसते याला इतका थेट पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो.

कुंडाच्या तळाशी काय होते ते एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी वकिलातीच्या अधिकाऱ्याने उपसून काढले. 1894 साली त्याने हासिएन्दा म्हणजे जुन्या जमीनदारी वाड्यासकट ही जमीनच विकत घेतली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाळ काढायला यंत्र लावले. जेडचे मणी, सोन्याच्या तबकड्या, तांब्याच्या घंटा, लाकडी वस्तू, कापडाचे तुकडे, कोपाल या धुपाचे गोळे आणि माणसांची हाडे वर आली. बहुतेक ऐवज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला. मेक्सिको सरकारने 1926 साली खटला भरला, 1944 साली निकाल थॉम्पसनच्या वारसांच्या बाजूने लागला. पुढे काही भाग परत मिळाला, मोठा साठा अजून अमेरिकेतच आहे.

त्या वस्तूंपैकी एक वाडगा शिकागोच्या फील्ड संग्रहालयात पोहोचला. तीन पायांचा साधा वाडगा, आत कोपालचा गोळा चिकटून घट्ट झालेला. 2008 साली संशोधकांनी त्या गोळ्यातले बारीक पांढरे आणि निळे कण तपासले, तेव्हा त्यात नीळ आणि पॅलिगॉर्स्काइट नावाची माती सापडली. माया चित्रांतला शतकानुशतके न उडालेला निळा रंग हाच. नीळ आणि ही माती एकत्र तापवली की तो तयार होतो, आणि संशोधकांच्या मते इथे धुपाच्या आचेवरच, विधीचा भाग म्हणून तो तयार केला जाई. नीळ, माती आणि धूप तिन्ही औषधी वस्तू. पावसाच्या देवाला वाहायच्या गोष्टी निळ्या रंगवत, माणसेसुद्धा. गाळ काढताना तळाशी सुमारे 14 फूट जाडीचा निळसर थर लागला होता. शतकानुशतके पाण्यात पडलेल्या वस्तूंचा सुटलेला रंग तिथे साचला होता. एका वाडग्यातल्या चिमूटभर कणांपासून त्या थरापर्यंत गेले की श्रद्धेचा आकार हाताला लागतो. ती वर्षातून एकदा उफाळणारी भीती नव्हती. तिच्यामागे निळीची शेती, मातीच्या खाणी आणि व्यापाराचे रस्ते होते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त.

हाडांबद्दल फार दिवस एक कथा चालली: सुंदर कुमारिकांना दागिने घालून कुंडात लोटत. थॉम्पसनलाही ती प्रिय होती आणि प्रवासी पुस्तकांनी ती उचलली. हाडांच्या अभ्यासात ती टिकली नाही. पुरुष, स्त्रिया आणि पुष्कळशी मुले, असे ते अवशेष निघाले. 1967 साली कुंडाजवळच्या एका भूमिगत टाक्यात शंभराहून अधिक मुलांच्या अस्थी सापडल्या होत्या. त्यांतल्या 64 जणांच्या जनुकांची तपासणी 2024 साली प्रसिद्ध झाली. सगळे मुलगे. बरेच एकमेकांचे जवळचे नातेवाईक, आणि त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. पोपोल वूहमध्ये जुळे भाऊ पाताळात उतरून मृत्यूच्या देवांना हरवतात. ही मुले त्या कथेची आठवण म्हणून निवडली गेली असावीत, असे संशोधकांना वाटते. याच अभ्यासातून असेही दिसले की आज आसपासच्या गावांत राहणारे माया लोक त्या मुलांच्या समाजाचेच वंशज आहेत.

या ठिकाणी विचार करणाऱ्याची कसोटी लागते. रक्तरंजित किस्से सांगून पर्यटकांना शहारे आणणे हलके काम आहे, आणि सगळे परक्यांनी रचलेले असे म्हणून हात झटकणे अप्रामाणिक. देण्याची कल्पना उदात्त होती. त्याच कल्पनेने तीन-चार वर्षांच्या मुलांना टाक्यात नेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सगळ्यात मोलाचे द्यावे, हा नियम एकदा मान्य केला की सगळ्यात मोलाचे कोणते याचे उत्तर कुठे जाऊन थांबते, हा धोका त्या नियमाच्या पोटातच आहे. ज्याने द्यायचे त्यानेच आपले द्यावे, ही राणीच्या जिभेतल्या दोरीची मर्यादा होती. मुलाच्या बाबतीत ती ओलांडली गेली, कारण मूल स्वतःला देत नाही, त्याला दिले जाते. धर्म म्हणून मायांना समजून घ्यायचे तर त्यांच्या या कृत्याचा न्यायही त्यांच्याच मापाने करता येतो, आणि त्या मापानेही ते टिकत नाही.

ख्रिस्ती विजेत्यांनी हाच बळी पुढे करून जे केले तेही याच सहलीच्या वाटेवर दिसते. मेरिदाहून निघणाऱ्या बसेस पुष्कळदा इसामाल या पिवळ्या रंगाच्या गावी थांबतात. तिथला फ्रान्सिस्कन मठ एका जुन्या माया पिरॅमिडच्या चौथऱ्यावर, त्याच्याच दगडांनी बांधलेला आहे. तो उभारण्यात दिएगो दे लांदाचा पुढाकार होता. याच लांदाने जुलै 1562 मध्ये मानी गावात हजारो मूर्ती आणि मायांच्या 27 पोथ्या जाळल्याचे सांगितले जाते, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मायांना गुपचूप जुनी पूजा केल्याबद्दल छळले. मायांच्या पोथ्यांपैकी आज जगात चार उरल्या आहेत. पुढे त्यानेच युकातानविषयी जो ग्रंथ लिहिला त्याच्याशिवाय माया धर्माचे अर्धे ज्ञान आज मिळाले नसते. लांदाच्या मनातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याने त्या मूर्ती जाळल्या, कारण त्यांच्यात काहीतरी आहे यावर त्याचा विश्वास होता. त्याला ते सैतानी वाटले. थॉम्पसनने तशाच वस्तू जपल्या, कारण त्यांच्यात काहीच नाही, त्या फक्त दुर्मिळ आहेत, असे तो धरून चालला. एकाने नाश केला आणि एकाने जतन, पण वस्तू ज्या नात्याने तिथे आली ते नाते दोघांनीही तोडले. पोप जॉन पॉल दुसरे 1993 साली इसामालला आले ते आदिवासी समाजांना भेटायला, आणि त्यांनी त्यासाठी निवडलेले अंगण लांदाच्याच मठाचे होते.

इक किलचे कुंड चिचेन इत्झाहून काही मिनिटांच्या अंतरावर. कोरलेल्या पायऱ्या उतरून 26 मीटर खाली गेले की वरून लोंबणाऱ्या मुळ्या आणि वेली, गोल आकाश, निळे-काळे पाणी. आत उतरण्याआधी शॉवरखाली अंग धुणे सक्तीचे आहे, कारण अंगाला लावलेली क्रीम आणि तेले पाण्यात उतरतात. पोहणाऱ्यांना बहुधा इतकेच सांगितले जाते. एका कुंडात टाकलेली घाण भूगर्भातल्या वाटांनी दुसऱ्या कुंडात जाते, आणि तेच पाणी गावे पितात, हे सांगितले जातेच असे नाही. कुंडात पोहण्यात काही अपवित्र आहे असे माया गावांत कोणी मानत नाही. गावची मुले पोहतातच. विचारावे लागते ते वेगळेच: या पाण्याकडून घेणाऱ्याने त्याला परत काय दिले?

वायादोलिदमध्ये पाणी आणखी एका रूपात भेटते. स्पेनच्या लोकांनी 1545 साली हे गाव झासी या माया वस्तीच्या जागी वसवले आणि तिथल्या देवळांचे दगड आपल्या इमारतींना वापरले. सान बेर्नार्दिनो हा मठ 1552 साली सुरू झाला. त्याच्या आवारात रहाटाची दगडी घुमटी आहे, आणि ती थेट एका सेनोतेवर उभी आहे. पाण्यासाठी मठाला ती जागा लागली हे उघडच आहे. पण नव्या धर्मात आलेल्या लोकांच्या पायांना देवाकडे जाण्याची वाट त्याच पाण्याकडून जाणारी होती. 1847 साली युकातानच्या मायांनी सत्तेविरुद्ध मोठे बंड केले, ते निम्म्या शतकाहून अधिक चालले. बंडखोर हरू लागले तेव्हा 1850 साली जंगलात एका झाडावर कोरलेला क्रूस बोलू लागला, आणि ते झाड होते एका सेनोतेच्या काठावर. त्या क्रूसाभोवती नवे गाव, नवे पुरोहित, नवे सैन्य उभे राहिले. आजही त्या भागात क्रूसाला भरतकामाचे कपडे नेसवतात, कारण माया शेतकऱ्याच्या लेखी तो केवळ येशूच्या मरणाची खूण नसतो, पृथ्वीच्या मध्यभागी उभे असलेले हिरवे सेइबाचे झाडही असतो.

धर्मांचा अभ्यासक मिर्सिया एलियाद याने 1957 साली मांडले की पवित्र स्थळ जगाचा मध्य ठरवते, आणि तो मध्य माणूस निवडत नाही, तो प्रकट होतो. माया उदाहरण या मताला अर्धा दुजोरा देते. मध्य आहे, चार कोपरे आहेत, हिरवे झाड आहे. पण तो मध्य उचलून नेता येतो. त्याचा पुरावा चा चाआक या पाऊसविधीत मिळतो. युकातानच्या गावांत पाऊस ओढ देतो तेव्हा हमेन म्हणजे गावचा पुजारी शेताजवळ फांद्यांची कमानदार वेदी बांधतो. पुरुष जमिनीत खड्डा खणून त्यात तापल्या दगडांवर मक्याच्या जाड, थरांच्या भाकऱ्या भाजतात. मध आणि बाल्चे झाडाची साल आंबवून केलेले पेय वाळवलेल्या भोपळ्यांच्या वाट्यांतून वेदीवर मांडले जाते. वेदीच्या चार पायांशी चार मुलगे उकिडवे बसतात आणि हमेन प्रार्थना म्हणत असताना बेडकांसारखे डरांव डरांव करतात. वेदीवर क्रूस असतो, प्रार्थनेत संतांची नावे येतात आणि चारी दिशांच्या चाआकांचीही. विधी संपला की भाकरी सगळे मिळून खातात. मुलगे घरी जातात. एके काळी टाक्यात नेलेल्या मुलांच्या जागी आज बेडूक झालेली मुले बसतात, असा सरळ वारसा सांगायला पुरावा नाही. तरी देण्यातले क्रौर्य गळून गेले आणि देणे टिकले, हे डोळ्यांना दिसते. हा बदल बाहेरून लादलेल्या धर्माने घडवला असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच धर्माच्या लोकांनी हा विधीही बंद पाडायचा प्रयत्न केला होता. तो गावांनी स्वतः राखला.

गाइड आणि हमेन यांची एक खरी भेट 1959 साली झाली. चिचेन इत्झापासून काही किलोमीटरवरच्या बालानकांचे गुहेत होसे उंबेर्तो गोमेस या गाइडला एका भिंतीमागे बंद केलेली वाट सापडली. आत एक भूगर्भजलाचे तळे, आणि जमिनीपासून छतापर्यंत चढलेला चुनखडीचा प्रचंड खांब, अगदी सेइबाच्या बुंध्यासारखा. भोवती देवमुखाच्या धूपदान्या आणि पुष्कळसे इवले पाटे-वरवंटे, सुमारे हजार वर्षे कोणी न हलवलेले. पुरातत्त्वज्ञांनी काम सुरू केले तेव्हा जवळच्या गावचा हमेन आला. देवांच्या जागेत आगंतुक शिरले आहेत, त्यांची आणि गावाची हानी होऊ नये म्हणून विधी करावा लागेल, असे त्याने सांगितले. संशोधकांनी मान्य केले, विधीत भाग घेतला आणि त्याचे ध्वनिमुद्रणही केले. त्यात तडजोड नव्हती. हमेनने उत्खनन थांबवायला सांगितले नाही. आत शिरण्याआधी विचारावे आणि शिरल्यावर द्यावे, इतकेच त्याचे म्हणणे होते. पावित्र्य म्हणजे मनाई, या दुर्खीमच्या समजुतीला हा साध्या माणसाने दिलेला चोख प्रतिवाद आहे. 2019 साली जवळच्या बालामकू गुहेतल्या अर्पणवस्तूंची घोषणा झाली तेव्हाही संशोधकांनी आत जाण्याआधी गावकऱ्यांच्या सांगण्यावरून शुद्धीचा विधी करून घेतला.

कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे. मेक्सिकोच्या 1972 सालच्या कायद्याने पुरातन अवशेष राष्ट्राच्या मालकीचे आहेत आणि त्यांचा कारभार राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्था पाहते. चिचेन इत्झात विधी करायचा तर परवानगी लागते. जमीन स्वतः 2010 सालापर्यंत एका खासगी कुटुंबाच्या नावे होती, मग युकातान राज्याने विकत घेतली. वर्षाला 20 लाखांहून अधिक माणसे तिकीट काढून येतात. युकातेक माया बोलणारे सात लाखांहून अधिक लोक या द्वीपकल्पात राहतात. आपल्या पूर्वजांच्या देवस्थानात ते विक्रेते, सफाई कामगार, गाइड म्हणून रोज येतात, पूजक म्हणून नव्हे. ग्वातेमालात 1995 सालच्या आदिवासी हक्कांच्या करारात पवित्र स्थळांवरचा मायांचा अधिकार मान्य झाला, आणि इशिमचेसारख्या अवशेषांमध्ये आजही धूप, मेणबत्त्या आणि फुलांची होमकुंडे पेटलेली दिसतात. 2007 साली अमेरिकेचे अध्यक्ष बुश तिथे येऊन गेल्यावर माया पुरोहितांनी जागेची शुद्धी केली, ती याच अधिकाराने. एका बाजूला जपणूक आणि दुसऱ्या बाजूला उपासना अशी ओढाताण तिथेही आहे. धुराने दगड काळे पडतात, ही तक्रार खोटी नाही. पण स्थळ वापरात असेल तर त्याची झीज होणारच, आणि ती झीज पर्यटकांच्या पायांनी झालेली चालते, हमेनच्या धुराने झालेली नाही, हे मोजमाप बरोबर वाटत नाही.

सेनोतेंबाबतचा वाद आता अवशेषांच्या कुंपणाबाहेर गेला आहे. युकातानच्या कुंडांच्या कमानीवर ओमून नावाचे माया गाव आहे. गावकरी आपापली कुंडे स्वतः सांभाळतात आणि पाहुण्यांना दाखवून पोट भरतात. तिथे 49 हजार डुकरांचा एक कारखानावजा गोठा उभा राहू लागला. मैला जमिनीत मुरला तर सगळे भूजल नासेल, म्हणून गावाने विरोध केला आणि खटला भरला तो मुलांच्या नावाने. 2018 साली न्यायाधीशाने गोठ्याचे काम थांबवले, आणि 2021 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. न्यायालयापुढचा मुद्दा मुलांच्या निरोगी पर्यावरणाच्या हक्काचा होता. गावात लढा देणारे लोक स्वतःला कुंडांचे राखणदार म्हणवतात.